भिंतीला कान लावणारा सबनीस

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं तुम्हाला शोधत बसायला नको. दूध आत्ता तापवलंय म्हणून कुणी शपथ घेतली तरी मी वास घेतल्याशिवाय ते तोंडाला लावत नाही. कुणी फार गोड बोलायला लागलं की मी आधी त्याच्या हाताकडं बघतो. आमच्या मंडळींनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, की तुम्हाला साक्षात देव भेटला तरी तुम्ही आधी त्याचं गाव कुठलं ते विचाराल. विचारीन. का विचारू नये?

तर असा मी, धार संस्थानच्या बांधकामाच्या कचेरीत अंदाजपत्रकं करत असे. नकाशा दुसऱ्यानं काढायचा आणि त्याला विटा किती लागतील, चुना किती, सागवान किती, ते मी मोजून काढायचं. आमचे वरिष्ठ भाऊसाहेब. नकाशे काढण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळी आमच्या बाजूला कुणी नव्हता. त्यांच्यापाशी चार-पाच मुलं शिकायला असत. दोन वर्षं हाताखाली काढायची, शेवटी एक इमारत स्वतःच्या डोक्यानं आखायची, आणि ज्याचा नकाशा भाऊसाहेब मंजूर करतील त्याला दरबारच्या खर्चानं मुंबईला वास्तुकलेच्या वर्गाला पाठवायचं, अशी रीत होती. मुंबईला जाण्यासाठी मुलं जीव टाकत. कारण तिथून आलेला माणूस इमारत आखणारा व्हायचा, आणि इथं राहिलेला जन्मभर दुसऱ्याच्या रेघा गिरवत बसायचा.

दिनकर सबनीस या मुलांत देवासहून आला. वीस-एकवीस वर्षांचा, काटकुळा, डोक्यावरची पगडी जरा मोठीच. पहिल्याच दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी डबा विसरलो म्हणून परत आलो, तर हा गृहस्थ दप्तरखान्याच्या भिंतीला कान लावून उभा. बोटाच्या पेरानं ठोकायचा, कान लावायचा, दोन पावलं सरकायचा, पुन्हा ठोकायचा. मी दाराआड उभा राहून त्याची अख्खी भिंत होईपर्यंत बघत राहिलो. शेवटी तो वळला. मला बघून गडबडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो शांतपणे म्हणाला, "ही भिंत फार बोलते," आणि जेवायला निघून गेला. मला तेवढं पुरलं.

त्यात तो देवासचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवास गाव एक, पण राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन कचेऱ्या, दोन फौजदार. रस्त्याच्या या अंगाला एकाचा शिपाई उभा, त्या अंगाला दुसऱ्याचा. अशा गावात वाढलेल्या माणसाला कुठं काय बोलावं आणि कुठं काय ऐकावं याचं शिक्षण पाळण्यातच मिळतं, अशी आमची धारवाल्यांची समजूत. भाऊसाहेबांनी त्याला विचारलं, थोरलीतला का धाकटीतला? तर म्हणाला, घर दोन्हींत आहे. भाऊसाहेब आधी हसले आणि मग हसायचे थांबले. संध्याकाळी मला आत बोलावून म्हणाले, "नाना, या सबनिसावर जरा लक्ष असू द्या." तसं लक्ष माझं होतंच. आता त्याला हुकमाचा आधार मिळाला, एवढंच.

लक्ष ठेवायला लागलो तसतसा माझा संशय वाढतच गेला. याची एकेक तऱ्हाच तशी. कुठल्याही खोलीत शिरायच्या आधी हा दहा पावलांवरून खाकरायचा. साधं नव्हे, घशात काटा अडकल्यासारखं. पाण्याच्या माठापाशी दोघं बोलत उभे दिसले की तहान तशीच घेऊन परत फिरायचा. कुणी तिसऱ्याबद्दल काही सांगायला लागलं तर म्हणायचा, "ते समोर असताना सांगा की." आता मला सांगा, कचेरीत असं कोण बोलतं? मी ठरवलं की हे खाकरणं म्हणजे खूण आहे. कुणाला तरी हा सावध करतोय. पंधरा दिवस मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं, की हा खाकरल्यावर कोण उठून जातं. एक मांजर सोडलं तर कुणी उठलं नाही.

त्याचे नकाशेही तसेच चमत्कारिक. भाऊसाहेब सगळ्या मुलांना एकच काम देत. त्या वर्षी शाळामास्तरांच्या राहत्या घराचं दिलं होतं. बाकीच्यांनी ओसरी, माजघर, मागं परसू, असं रीतसर काढलं. सबनिसाच्या नकाशात कुठल्याही दोन खोल्यांची भिंत एक नव्हती. मधे कुठं बोळ, कुठं कोनाडे, आणि जिथं बोळ काढायला जागा नाही तिथं दोन पातळ भिंती आणि मधे चार बोटं पोकळी, तिच्यात कोरडी वाळू. शिवाय दाराजवळ आडोसा म्हणून कुठंच नाही. दाराशी कुणी येऊन उभं राहिलं तर आतल्याला लांबूनच दिसावं. माझ्या हिशेबात विटा सव्वापट झाल्या. भाऊसाहेब म्हणाले, भिंतीत पोकळी कशाला? काय लपवायचंय मास्तरांना? सबनीस म्हणाला, "आवाज."

एक गोष्ट मात्र त्याची अशी होती, की तिच्यापुढं माझीही अक्कल चालली नाही. दुसऱ्याचा नकाशा बघून तो त्या माणसाचं लहानपणचं घर सांगायचा. एका मुलानं सगळ्या खिडक्या जमिनीलगत काढल्या होत्या. सबनीस म्हणाला, तुझ्या घरी पुष्कळ दिवस अंथरुणाला खिळलेलं कुणी होतं. होती, त्याची आई. दुसऱ्यानं स्वयंपाकघर घरापासून अंगणभर लांब नेलं होतं. त्याला म्हणाला, तुमचं घर कधी जळालं होतं का? जळालं होतं. मुलं त्याच्याभोवती जमायला लागली, हात दाखवायला ज्योतिषापाशी जमतात तशी. तो म्हणायचा, यात विद्या काही नाही. आपण आखतो म्हणजे काय करतो, तर लहानपणी जे सोसलं ते तरी टाळतो नाहीतर जे गमावलं ते तरी परत बांधतो. कंपास आपल्या हातात असतो, पण रेघ घराची असते.

एके दिवशी मुलांनी गमतीनं माझ्याही हातात पेन्सिल दिली. म्हणे, नाना, एक खोली काढा. मी काढली आपली एक. सबनीस थोडा वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "नाना, तुम्ही लहानपणी जिन्याखाली निजत होतात का?"

मी पेन्सिल खाली ठेवली. मी सात वर्षं मामांकडं शिकायला होतो आणि जिन्याखालच्या खोपटात निजत होतो. झोपेतून दचकून उठलो की डोकं पायरीला आपटायचं. हे धारमध्ये कुणाला, अगदी आमच्या मंडळींनासुद्धा, मी सांगितलेलं नव्हतं. मी कागदाकडं पाहिलं. खोली लहानशी, पण छत देवळाएवढं उंच काढलं होतं. मला कळायला हवं होतं की त्यानं ते त्या उंचीवरून ओळखलं. पण मला काय वाटलं असेल? वाटलं, यानं माझी चौकशी केलीय. मामांच्या गावी माणूस पाठवलाय.

भाऊसाहेबांच्या नकाशांबद्दलही तो एकदा बोलला. त्यांच्या प्रत्येक इमारतीत एक उंच बैठक अशी असायची, की तिथं बसणाऱ्याला सगळ्या दारांतली ये-जा दिसावी. सबनीस म्हणाला, यांच्या घरी सगळ्यांवर नजर ठेवून कुणीतरी बसलेलं असणार. खरं होतं. भाऊसाहेबांचे वडील चिकाच्या पडद्याआड बसून गड्यामाणसांपासून सुनांपर्यंत सगळ्यांवर नजर ठेवत, हे धारमध्ये जुन्या लोकांना ठाऊक होतं. सबनिसाचं हे बोलणंही मी भाऊसाहेबांच्या कानावर घातलं. तोवर सबनिसाला ते तोंडावर 'दिनकर' म्हणत होते, त्या दिवसापासून त्याचं 'सबनीस' झालं.

मग माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न देवासला निघालं. एरवी मी आहेर पाठवून मोकळा झालो असतो. इंदूरवरून बैलगाडीनं हाडं खिळखिळी करून घ्यायची हौस कुणाला? पण या खेपेला स्वतः गेलो, आणि अक्षता पडल्यावर पंगतीला बसायच्या आधी सबनिसांचं घर शोधत निघालो.

घर पाहिलं आणि मी दोन वेळा भोवती फिरलो. आजोबांचं घर एक, पण सरहद्द त्याच्या बरोबर मधून गेलेली. थोरल्या मुलाला थोरल्या पातीत नोकरी, धाकट्याला धाकट्या पातीत. वरिष्ठांना वाटायला लागलं, की सकाळी इकडची दप्तरं बघणारा आणि तिकडची दप्तरं बघणारा संध्याकाळी एका चुलीवर जेवतात, हे बरं नाही. म्हणून भावांनी घरात आडवी भिंत घातली. दार नाही, खिडकी नाही. फक्त मागच्या अंगणातली विहीर एकच होती, तिच्यावरून भिंत कमान करून नेली होती. अर्धी विहीर यांची, अर्धी त्यांची.

धाकट्या अंगाला सबनिसाची काकू राहत होती. एकटीच, विधवा. मी धारहून आलो, दिनकर आमच्याकडं शिकतो, असं म्हटल्याबरोबर तिनं पाट मांडला आणि पहिलं विचारलं, जेवतो का वेळेवर? तिची भाषा जुन्या वळणाची, अधूनमधून माळवीची फोडणी. मी जरा खोदून विचारल्यावर तिनं सगळं सांगितलं. दिनकरची आई बाळंतपणानंतर अंथरुणावर होती, तेव्हा काकूनं त्याला पाजलेलं. भिंत झाल्यावर तो विहिरीच्या काठावर पालथा पडून राहायचा. पाण्यावरून आवाज स्पष्ट यायचा. काकू तिकडून गाणी म्हणायची, हा इकडून ऐकायचा. एके दिवशी काका विहिरीवर अंघोळ करता करता बायकोला म्हणाले, की इंदूरला नोकरीसाठी अर्ज केलाय, लागली तर हे गाव सोडू. रात्री जेवताना वडिलांनी सहज विचारलं, काय रे, काकू काय म्हणते? आठ वर्षांच्या पोरानं सांगून टाकलं. वडील कुठंतरी बोलले. चार दिवसांत धाकट्या पातीतल्या वरिष्ठापर्यंत गेलं, की हा माणूस चोरून दुसरीकडं जाऊ बघतोय. काकांची इथली नोकरी गेली, इंदूरची लागली नाही. पुढं ते फार जगले नाहीत.

"इत्तासा पोर, त्यानं केलं काय, तर ऐकलं आणि सांगितलं," काकू म्हणाली. "मी कधी शब्द बोलले नाही त्याला. पण तोच माझ्याशी बोलायचा बंद झाला. म्हणतो, तू बोलशील आणि मी ऐकेन, ते नको."

आता कुणाही शहाण्या माणसाला हे ऐकून काय कळायला हवं? हा मुलगा भिंतींना कान का लावतो, दहा पावलांवरून का खाकरतो, पोकळीत वाळू का भरतो, सगळं उलगडायला हवं. मला काय कळलं, सांगू? मी परतीच्या वाटेवर गाडीत बसून म्हणत होतो, सापडला. लहानपणापासूनच चुगलखोर आहे. माझ्या अकलेची मला आज कीव येते, पण तेव्हा मी स्वतःची पाठ थोपटत होतो.

त्या साली बायकांच्या दवाखान्याचं काम निघालं. इंदूरहून एक डॉक्टरीणबाई यायच्या होत्या, मंगळवारी आणि शुक्रवारी बायकांना तपासायला. नकाशा काढायला सबनिसाला सांगितलं. हा मंजूर झाला की मुंबई. भाऊसाहेबांची अट एकच होती. तपासायच्या खोलीला लागून जाळीची एक खोली हवी, तिच्यात रोग्याच्या सासूनं नाहीतर नणंदेनं बसावं. त्याशिवाय आपल्यातली घरं सुनांना परक्या बाईपुढं पाठवायची नाहीत, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. सबनीस म्हणाला, सासू ऐकत असली तर सून दुखणं सांगायची नाही. भाऊसाहेब म्हणाले, सासू नसली तर सून यायचीच नाही. दोघंही खरं बोलत होते. शेवटी भाऊसाहेबांनी सांगितलं, जाळी दिसली नाही तर मुंबईचं नाव काढू नकोस.

आठ दिवसांनी नकाशा आला, त्यात जाळीची खोली होती. भाऊसाहेब खूष. मी मात्र बुचकळ्यात पडलो. इतका अडून बसलेला माणूस असा सरळ येतो? अंदाजपत्रकासाठी कागद माझ्याकडं आला तेव्हा मी जिन्नस मोजायला लागलो आणि एका ओळीवर थांबलो. काच. खिडक्यांना लागेल त्यापेक्षा एक मोठं तावदान जास्त. पुन्हा नकाशा लावून पाहिला, तेव्हा दिसलं. जाळीच्या आतल्या अंगाला, केसाएवढी रेघ. जाळीमागं पक्की बसवलेली काच होती आणि भिंतीत वाळू. म्हणजे सासूला सून दिसणार, डॉक्टरीणबाई दिसणार, पण एक अक्षर ऐकू येणार नाही.

मी तसाच उठलो आणि भाऊसाहेबांच्या खोलीत गेलो. मला कुणी ढकललं नव्हतं. काचेची गोष्ट सांगितली आणि वर तोंडी लावायला म्हणून देवासची विहीरही सांगितली. भाऊसाहेबांनी लाल शाईनं काच खोडली, वाळू खोडली. मुंबईला दुसरा मुलगा गेला. सबनिसाला त्याच दवाखान्याच्या बांधकामावर देखरेखीला नेमलं, की बाबा, आता हीच इमारत काचेशिवाय उभी कर.

मला वाटलं होतं तो माझ्याशी भांडेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती. तो दुसऱ्या दिवशी माझ्या मेजापाशी आला, लांबून खाकरूनच.

"नाना, तुम्ही खोटं सांगितलं असतंत तर भांडलो असतो," तो म्हणाला. "मीही तेव्हा खरंच सांगितलं होतं." मग म्हणाला, "काकूला भेटलात म्हणे. कशी आहे ती?"

मी म्हटलं, बरी आहे. तुम्ही जेवता का वेळेवर, विचारत होती. त्यानं मान हलवली आणि कामावर गेला.

घरी आल्यावर मंडळींना सगळी हकिगत सांगितली. खरं तर थोडी शेखीच मिरवली, की मोठमोठ्यांच्या नजरेतून सुटलेली काच मी पकडली. मंडळींची प्रकृती गेली दोन वर्षं ढासळत होती. चेहरा ओढलेला, अर्धी भाकरी पानात राहायची. विचारलं की म्हणायच्या, काही नाही. माझी आई म्हणायची, काही झालेलं नाही हिला, कामाचा कंटाळा. आईची जीभ आमच्या आळीत प्रसिद्ध होती आणि कान तर त्याहून. मंडळी चुलीपुढं बसल्या होत्या. ऐकून घेतलं, फुंकणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "ती काच राहू दिली असतीत तर बरं झालं असतं."

एवढंच. पुन्हा फुंकणी उचलली. मी माणसाच्या पोटातलं ओळखतो अशी घमेंड बाळगणारा, आणि दोन वर्षं माझ्याच घरात एक बाई बोलायला जागा शोधत होती, हे मला दिसलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. तशी त्याआधी कधी वाटली नव्हती.

दवाखाना उभा राहिला. जाळी भाऊसाहेबांच्या मनासारखी, सुरेख कोरलेली, आरपार. बायका यायला लागल्या. पण चार-सहा महिन्यांत एक नवीनच गोष्ट माझ्या नजरेला आली. जाळीच्या खोलीवरचं छत सारखं गळायचं. चुन्याचा कोबा करायचा म्हणजे मजूर बाया ओळीनं बसून लाकडी थापीनं तो दिवसभर कुटतात, गाणी म्हणत. एकदा केला की दहा वर्षं बघायला नको. इथं सबनीस दर थोड्या दिवसांनी चुना मागवायचा आणि छत पुन्हा कुटायचं निघायचं. बरं, पाऊस नाही, पाणी नाही, तर गळतं काय? आणि कुटायचा दिवस बघावा तर मंगळवार नाहीतर शुक्रवार. एवढ्या ठोकाठोकीबद्दल डॉक्टरीणबाईंची एकदाही तक्रार आली नव्हती. तेही मला नीट वाटेना. भाऊसाहेबांनाही आता वास लागला होता. एका गुरुवारी मला म्हणाले, "नाना, उद्या जाऊन बघून या. चुना कुठं जातो ते मला कळलं पाहिजे."

दुसऱ्याच दिवशी मंडळींना दवाखान्यात न्यायचं होतं. मीच हट्ट धरला होता, आणि 'मी बरोबर येणार असले तरच ने', असं म्हणून आई तयार झाली होती. टांग्यातून तिघं गेलो. मंडळी आत गेल्या. आई जाळीमागं जाऊन पदर सावरून बसली. मी बाहेर निंबाखाली उभा राहिलो, आणि वर थाप सुरू झाली.

सहा-सात बाया ओळीनं बसल्या होत्या आणि त्यांच्यात सबनीस, धोतराचा काचा मारून, हातात थापी घेऊन. मी शिडी चढून छताच्या कडेला आलो. छत कोरडं ठाक, ताटासारखं गुळगुळीत. त्यावर नव्या चुन्याचा थेंब नव्हता; मागवलेल्या चुन्याची पोती कडेला तशीच पडली होती. त्या कोरड्या छतावर सगळ्या मिळून नुसत्या बडवत होत्या. एक म्हातारी हसत सबनिसाला म्हणत होती, "बाबूजी, छत तो सूकी पड़ी है, फेर कई वास्ते कूटां?" तो म्हणाला, कुटा, कुटा, अजून गळतं.

तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर गेली. थापी हातातच राहिली. त्याचं बघून बायाही थांबल्या. सगळीकडं एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत खालच्या झरोक्यातून डॉक्टरीणबाईंचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. त्या विचारत होत्या, किती दिवसांपासून होतंय हे? आणि आमच्या मंडळी गप्प होत्या. त्यांना गप्प राहायची केवढी सवय होती ते मला त्या वेळी, त्या शिडीवर कळलं. जाळीमागं आईच्या बांगड्या वाजल्या. ती पुढं सरकून बसली होती.

सबनीस माझ्याकडं बघत होता. रागानं नाही, विनवणीनंही नाही. एकाच माणसाच्या हाती दुसऱ्यांदा सापडलेला माणूस जसा बघेल तसा. आता हा खाली उतरणार आणि सांगणार, हे तो धरूनच चालला असणार. धरायला काय हरकत होती? माझी ख्याती तीच होती.

भाऊसाहेबांना दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, साहेब, छत गळतं. भिंतीचा दोष आहे, वर्षभर तरी कुटत राहावं लागेल. नोकरीत मी सांगितलेलं हे एकच खोटं. मंडळींनी आत काय सांगितलं ते मी विचारलं नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला न विचारणं किती अवघड गेलं ते माझं मला ठाऊक. औषध सुरू झालं, दिवाळीपर्यंत त्या पुरती भाकरी खायला लागल्या. सबनीस पुढच्या उन्हाळ्यात धार सोडून गेला. कुणी म्हणतं बडोद्याकडं, कुणी म्हणतं आधी देवासला काकूकडं. जाताना मला भेटला नाही, मीही त्याला गाठलं नाही. त्यामुळं माझ्या डोळ्यांपुढं आहे तो त्या शुक्रवारचाच.

मी छतावर चढलो. कोट काढून कठड्यावर ठेवला. त्या म्हातारीच्या हातची थापी मागून घेतली आणि बायांच्या ओळीत उकिडवा बसलो. जन्मात कधी छत कुटलं नव्हतं. पहिली थाप माझ्याच अंगठ्यावर बसली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, मग त्यांनी गाणं धरलं आणि सगळ्या थाप्या पुन्हा पडायला लागल्या. सबनीस माझ्या शेजारी येऊन बसला. माझ्याकडं न बघताच त्यानं थापी उचलली.

"नाना," तो म्हणाला, "जरा जोरात."